रोख चाळीस

विश्रामबागेत, शिकवणीच्या क्लासवर दुसरा मजला.
हस्ताक्षरावरून स्वभाव, फी तीनशे.
मी पिशवीतून वडिलांची वही काढली,
हरिपूरच्या पेवांची, एकाहत्तर सालची,
पिवळी पडलेली. वयाने की हळदीने,
ते आता सांगता येत नाही.

किणीकर सरांनी भिंग पुसलं.
"इंग्रजीत सोपं, टीची आडवी रेघ बघायची.
मराठीत शिरोरेषा.
ही बघा, चढत जातेय. आशावादी गृहस्थ."
मी बोललो नाही
की पोत्याच्या उतारावर वही टेकवून
ते उकिडवे बसून लिहायचे.

"हळदीतला ळ बघा.
दोन्ही गाठी आवळलेल्या. पैसा सुटत नाही या हातून."
हळद अडत्याची, पेव भाड्याचं,
काटासुद्धा दुसऱ्याचा.
सोडायला हातात होतं काय?

"उकार खोल जातात. मनात ठेवणारे."
हे मात्र खरं.
पेवाचं तोंड उघडलं की आधी दोरीने कंदील सोडायचे.
विझला, तर कुणी उतरायचं नाही.
घरीही आम्ही तसेच काठावर बसायचो,
जेवण झाल्यावर बोलतील म्हणून.

मला खरं तर एवढंच विचारायचं होतं:
भरमगोंडा आदगोंडा पाटील
या माणसात कंदील किती खाली जातो?
पण तीनशे रुपयांत असलं विचारावं का, कळेना.
शिवाय मला स्वतःचं अक्षरच नाही.
तीस वर्षं मिरजेत टायपिंग शिकवलं,
माझा स्वभाव फार तर रेमिंग्टनला माहीत.

एका पानावर सर थांबले.
"ही ओळ कुणाची?"

*कमळाव्वा रोख ४०*

"त्यांचीच. सगळी वही त्यांचीच आहे."
"नाही."
भिंग माझ्याकडे सरकलं.
"आधी रेघ ओढलीय, या टोकापासून त्या टोकापर्यंत,
मग एकेक अक्षर खाली टांगलंय,
दोरीवर धुणं घालावं तसं.
दर अक्षराला पेन उचललंय.
मागून बोट फिरवा, लागेल.
हे मोठेपणी, कुणाचं तरी बघून बघून गिरवलेलं.
ळ हळदीतलाच उचललाय,
गाठ तेवढी मारता आली नाही."

कमळाव्वा माझी आई.
रेशनकार्डावर अंगठा, सोसायटीत अंगठा,
माझ्या प्रगतिपुस्तकावर जांभळा अंगठा,
ज्याच्यावर सातवीत मी शाई सांडली होती.
मुद्दाम.

पुढे आणखी पाच जागी सापडली ती.
रोख १५. रोख ४०. रोख ७.
आणि पानाच्या तळाशी बेरीज,
वडिलांच्या हातची, चढती,
तिचे सात धरून बरोबर आलेली.
सरांचंच पेन घेऊन मी दोनदा करून पाहिली.

म्हणजे त्यांना माहीत होतं.
म्हणजे रात्री कंदिलाची काच पुसून झाल्यावर
त्या दोघांत काहीतरी चालायचं,
आम्ही भिंतीकडे तोंड करून झोपलेलो असताना.
की तेही नाही? तिने चोरून लिहिलं,
आणि त्यांनी न बोलता फक्त बेरीज केली?

सर सांगतच होते: जिद्द, भीती, काटकसर.
माझ्या डोक्यात सात रुपये.
एकाहत्तरच्या श्रावणात
काय यायचं सात रुपयांत?

घरी येऊन वही आईच्या मांडीवर ठेवली,
तेच पान, शेजारी पेन.
ब्याऐंशी वर्षं, एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला.
पान दिसलं की नाही, कळलं नाही.
तळहात तेवढा त्यावर पडून राहिला,
दूधवाला येऊन हिशेब करून जाईपर्यंत.

मग म्हणाली,
"पेन्शनचं हाय व्हय रं? शाई कुठं हाय?"
आणि अंगठा पुढे केला.